मिस्त्रींनी घातलेला कोबा

कोबा फुटत नाही हे कळल्यावर मिस्त्रींना आधी आनंदच झाला.

सूनबाई शाळेतून आली ती चपला काढता काढताच म्हणाली, "बाबा, दोन धट्टेकट्टे गडी सकाळपासून घण घालतायत. ताटाएवढासुद्धा तुकडा निघाला नाही."

मिस्त्री खुर्चीत जरा ताठ बसले. हात आपसूक मिशीवर गेला. "निघणार नाहीच. बावीस वर्षं झाली घालून. एक तडा दाखव मला."

"मला तडाच हवाय, बाबा."

चाळीस वर्षं मिस्त्रींनी गवंडीकाम केलं होतं. घरात, गल्लीत, दुकानात सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. खरं नाव फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं होतं. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून काम सुटलं, पण रस्त्यानं जाताना अजूनही नजर लोकांच्या चेहऱ्यांआधी भिंतींच्या कोपऱ्यांवर जायची. शाळेमागच्या अंगणातला कोबा हे त्यांचं लाडकं काम. आणि त्यावर घण घालायला निघाली होती ती त्यांच्याच घरातली सून.

सूनबाई त्या शाळेत विज्ञान शिकवायची. उन्हात तो कोबा असा तापायचा की मुलं मधल्या सुट्टीतही बाहेर पडत नसत. तिथे बाग करायची असं तिनं मनावर घेतलं होतं. नुसती शोभेची नव्हे, शिकण्याची बाग. शाळेतल्या मुलांनी आणि आसपासच्या घरांतल्या माणसांनी यावं, भाजी लावावी, घरातल्या कचऱ्याचं खत करावं, पावसाचं पाणी साठवावं, आणि शिकलेलं घरी न्यावं. मुख्याध्यापिकेनं, म्हणजे मोठ्या बाईंनी, तिला एक वर्ष दिलं होतं. वर्षभरात काही दिसलं नाही तर अंगणात गाड्या लावायची सोय होणार होती.

"यंत्र आणलं तर फुटेल," सूनबाई म्हणाली. "पण हादऱ्यात शाळेची भिंत टिकेल की नाही, शंका आहे."

"भिंतही माझीच आहे," मिस्त्री म्हणाले, आणि उठून पलंगाखालची हत्यारांची पिशवी ओढायला लागले. "चांगल्या कामावर घाव घालायचाच असेल तर निदान रीतीनं घाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात उभे राहिले. दोन्ही गडी कुतूहलानं बघत होते. मिस्त्रींनी घणाला हातही लावला नाही. छिन्नीच्या मागच्या टोकानं ते जमिनीवर टकटक करत चालले, कान देऊन, मध्येच थांबून. भिंतीपासून नऊ पावलांवर त्यांनी खडूनं रेघ ओढली.

"पहिल्या दिवशी आम्ही इथवर आलो होतो. दुसऱ्या दिवशीचा माल इथून पुढे. हा सांधा. इथे पहार घाला."

पहार गेली. कोब्याची लादी बोटभर वर आली. मिस्त्रींनी खाली एक दगड सरकवला. "आता मारा. कोबा जमिनीवर टेकलेला असला की तुम्ही जन्मभर मारत राहाल. खाली पोकळी केली की तो आपल्याच वजनानं मोडतो."

एका घावात लादीचे तीन तुकडे झाले. गड्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मिस्त्रींनी एक तुकडा उचलून त्याची कड बोटानं चाचपली.

अर्धं अंगण झाल्यावर त्यांनी काम थांबवलं. सूनबाईला सगळंच मोकळं हवं होतं. "नाही," ते म्हणाले. "उरलेला कोबा राहू दे. मी त्याला ढाळ दिलाय, सगळं पाणी त्या कोपऱ्यात जातं. तिथे टाकी बसव, म्हणजे पावसाचं पाणी पाईप न घालता आपल्या पायानं चालत येईल." सूनबाईनं बादलीभर पाणी ओतून पाहिलं. पाणी वळणं न घेता नेमकं कोपऱ्यात गेलं. तिनं पुढे वाद घातला नाही.

मुलांनी पालक लावला, टोमॅटोची रोपं लावली. शाळेच्या फाटकाबाहेर फळा लागला: बाग सर्वांसाठी खुली. तीन आठवडे सगळे हौसेनं पाणी घालत होते. मग पानं पिवळी पडायला लागली. आधी कडेची, मग मधली. सूनबाईनं पुस्तकं काढली, पाणी कमी करून पाहिलं, जास्त करून पाहिलं. रोपं काही मान वर करेनात.

मिस्त्री एका दुपारी एकटेच गेले आणि पहारीनं हातभर खोल उकरलं. विटांचे तुकडे, चुन्याचे गोळे, जुन्या गिलाव्याच्या खपल्या, एका फुटक्या बेसिनची कड. ती कड त्यांनी हातात फिरवून पाहिली. त्यांना सगळं आठवलं. कोबा घालायच्या आधी तिथली जुनी खोली पाडली होती. राडारोडा गाड्या भरून बाहेर न्यायचा होता. तो त्यांनी तिथेच पसरला, दाबून घेतला आणि वर कोबा घातला. काम आठ दिवस आधी पुरं झालं म्हणून पाठीवर थापही मिळाली होती.

त्या रविवारी बागेत येणाऱ्यांची बैठक भरली. वीस-पंचवीस माणसं असतील. शाळेला लागून असलेल्या इमारतीतल्या सिस्टरही आल्या होत्या. या निवृत्त नर्स. तीस वर्षं त्यांनी हॉस्पिटलात वॉर्ड सांभाळला होता, आणि अजूनही त्या समोरच्या माणसाकडे तो औषध चुकवतोय अशाच नजरेनं बघायच्या.

"वाईट वाटून घेऊ नका बाई," सिस्टर सूनबाईला म्हणाल्या, "पण पुस्तक वाचून झाडं वाढत नसतात. तुमचंच काहीतरी चुकतंय."

सूनबाईचा चेहरा उतरला. ती काही बोलणार तोच मागून आवाज आला.

"तिचं नाही चुकलं." मिस्त्री उठून उभे राहिले होते. "भरणी माझी आहे. खाली हातभर राडारोडा आहे, आणि तो मीच घातलाय. चुन्यात कुठलं रोप जगणार? तेव्हा मला ती हुशारी वाटली होती. इथे कधी काळी कुणाला माती हवी असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

मिस्त्रींनी भिंतीकडे बोट दाखवलं.

"आता पुढचं ऐका. खाली जागा नाही तर वर बांधू. फोडलेल्या लाद्या त्या भिंतीशी पडल्यात ना? त्यांचे वाफे रचतो. मांडीएवढे उंच. माझ्यासारख्या गुडघ्यांच्या माणसालाही वाकावं लागणार नाही. रचायचं माझ्याकडे लागलं. आत भरायला काय आणायचं ते सूनबाई सांगेल."

घरी जाताना सूनबाई एवढंच म्हणाली, "बाबा, सगळ्यांसमोर सांगायची काही गरज नव्हती."

"सगळ्यांसमोर तुला बोल लावला होता," मिस्त्री म्हणाले.

पुढचे पंधरा दिवस अंगणात ठोकाठोक चालली. सिमेंट न लावता तुकड्यावर तुकडा बसवत मिस्त्रींनी आठ वाफे उभे केले. कुणीही मदतीला आलं की त्याला आधी रांग सरळ आहे का ते बघायला ओळंब्याची दोरी धरायला लावत. एका इंजिनिअर बापानं "साधारण सरळ आहे" म्हटल्यावर त्याला तीच रांग तीनदा उतरवून पुन्हा रचावी लागली.

भरायला माती मिळाली ती जेमतेम निम्मी. बाकीचं खत करायचं ठरलं. घराघरांतून सालं, देठं, उष्टंखरकटं डबे भरभरून यायला लागलं. लोकांचा उत्साह एवढा की ढीग चार दिवसांत कमरेपर्यंत आला. आणि दहाव्या दिवशी असा वास सुटला की शाळेनं मागच्या वर्गांच्या खिडक्या लावून घेतल्या. सिस्टरची स्वयंपाकघराची खिडकी बरोबर ढिगाच्या डोक्यावर होती. त्यांची तक्रारीची चिठ्ठी थेट मोठ्या बाईंच्या टेबलावर गेली.

मिस्त्रींनी बाही सरकवली, ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि मूठ काढून दाबली. बोटांतून पाणी गळलं.

"माल पातळ झालाय," ते म्हणाले.

"काय?"

"अगं, पाणी जास्त झालं. सिमेंटचा पातळ माल कधी धरतो का? यात कोरडं घाल. मूठ दाबली की गोळा व्हायला हवा, पण थेंब गळता कामा नये."

सूनबाई हसायला लागली. "पुस्तकात हेच दोन पानं खर्चून लिहिलंय, बाबा."

मग प्रमाण ठरलं. एक घमेलं ओलं, दोन घमेली वाळकी पानं, आणि दर चार दिवसांनी फावड्यानं खालवर करायचं, म्हणजे आत हवा जाईल. पण चिठ्ठीचं काय? मिस्त्री कठडा धरून तीन जिने चढले आणि सिस्टरचं दार वाजवलं.

"आठ दिवस द्या," ते धापा टाकत म्हणाले. "वास राहिला तर ढीग मी स्वतः उचलून नेतो."

"आधी बसा. छाती भात्यासारखी चाललीय." सिस्टरनी पाणी दिलं आणि कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आयुष्य हॉस्पिटलात काढलंय मी. मला वासाचं काय समजावता?"

"समजावत नाही. तुमचं नाक मागायला आलोय. रोज सकाळी खिडकी उघडा आणि वास आहे की नाही ते ओरडून सांगा. आमच्या नाकांना सवय झालीय, ती आता खोटं बोलतील."

सिस्टरना हसू आलं ते त्यांनी दाबलं, पण पुरतं दाबता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडली. "आहे!" तिसऱ्या दिवशी, "आहे की!" पाचव्या दिवशी, "कमी वाटतोय. पण माझं नक्की नाही, सर्दी झालीय." आठव्या दिवशी सिस्टर स्वतःच खाली आल्या. ढिगाजवळ नाक नेलं. ओल्या जंगलातल्यासारखा मातकट वास येत होता. त्यांनी सवयीनं ढिगावर हाताचा पंजा ठेवला आणि चटकन मागे घेतला.

"मिस्त्री, याला ताप आहे!"

"असायलाच हवा," सूनबाई म्हणाली. "आतले जीव काम करतायत त्याची ती ऊब आहे. ताप उतरला की खालवर करायचं."

"मग तक्ता कुठे आहे?" सिस्टरनी कडक आवाजात विचारलं. "ताप आहे आणि तक्ता नाही?"

त्या दिवसापासून ढीग त्यांच्या ताब्यात गेला. लांब दांडीचा थर्मामीटर आला, भिंतीवर तक्ता लागला, आणि दोन वेळा ताप मोजायला मुलांच्या पाळ्या लागल्या. पाळी चुकवणाऱ्याची सिस्टर अशी हजेरी घ्यायच्या की पुन्हा कुणी चुकवत नसे.

तीन महिन्यांत वाफे भरले. आधी मुळे आले, पांढरे आणि करंगळीएवढे, पण शाळेनं ते असे वाटून खाल्ले की प्रत्येकाच्या वाट्याला एक चकती आली. मग पालक आला, शेंगा आल्या, टोमॅटो आले. पाऊस झाला तेव्हा कोपऱ्यातली टाकी काठोकाठ भरली. शनिवारी सकाळी वर्ग भरायचा, आणि चौथीत शाळा सुटलेले मिस्त्री फळ्यासमोर उभे राहायचे. लिहायचे काहीच नाहीत. प्रत्येकाच्या हातात खताची मूठ द्यायचे आणि म्हणायचे, "दाबा. आता हाताला काय कळतंय ते बोला." आसपासच्या चाळीसएक घरांनी कचऱ्याचे डबे वेगळे केले. कित्येकांच्या बाल्कनीत कुंड्या आल्या.

वर्ष भरलं त्या दिवशी मोठ्या बाई पाहणीला आल्या. वाफ्यांमधून सावकाश फिरल्या, टाकीत डोकावल्या, तक्ता वाचला. पाणी घालणाऱ्या एका मुलीला त्यांनी विचारलं, "काय गं, इथे नवीन काय शिकलीस?"

मुलीनं विचार केला. "मोठी माणसं चुकली तर स्वतःच सांगतात," ती म्हणाली.

मिस्त्रींनी घसा खाकरला आणि उगाच एका वाफ्याचा दगड बसवल्यासारखं केलं. मोठ्या बाईंनी मंजुरीचा कागद तिथेच, वाफ्याच्या कठड्यावर ठेवून सही केली. बाग कायमची झाली. गाड्या लावायच्या त्यांनी आपल्या दारात लावाव्यात, असंही त्या जाता जाता म्हणाल्या.

सगळे पांगल्यावर सिस्टर मिस्त्रींपाशी आल्या. "आमच्या इमारतीची गच्ची रिकामी पडलीय. तिथेही असंच काही करायचं म्हणतायत सगळे. तुम्ही याल ना?"

मिस्त्रींनी मान वर करून चार मजल्यांकडे पाहिलं. "वरचा स्लॅब कुणी घातलाय?"

"मला काय माहीत? तुम्ही तर नाही घातलेला."

"मग आधी बघावा लागेल," मिस्त्री म्हणाले. त्यांनी छिन्नी खिशात टाकली आणि जिन्याकडे निघाले. सूनबाई मागून ओरडली, "बाबा, गुडघे!" तोवर ते पहिल्या वळणापर्यंत पोचले होते.