पोटात नऊ अळ्या

पूर्व टेक्ससमधल्या त्या तळ्यावर लव्होन हॅचर सत्तावीस वर्षं लोकांना बास मासे धरायला नेत होती. तळ्यात पाणगवत एवढं, की उघडा गळ टाकला तर गवताची पेंढीच वर यायची. म्हणून गळ आमिषाच्या रबरी अळीच्या अंगात कसा लपवायचा, हे ती आधी शिकवायची.

त्या सकाळी तिच्या होडीत डॅलसचा दातांचा डॉक्टर प्रेंटिस कोल होता.

"गळाचं टोक अळीच्या डोक्यातून पाव इंच आत घाला, खालून काढा. आता गळ फिरवा. मग टोक पोटातून घालून पाठीच्या कातडीखाली टेकवा. अळी सरळ राहिली पाहिजे, नाहीतर पाण्यात गरगरत बसेल."

"अहो मॅम, मी लोकांचे दात उपटतो. हे काय अवघड?" असं म्हणत त्याने अळी वाकडी ओवली, फाडली आणि पाण्यात भिरकावली.

"पाण्यात नका टाकू."

"एवढंसं रबर! केवढं तळं आहे!"

घटकाभरात त्याने अशा चार फेकल्या. पाचवी लव्होननेच ओवून दिली. ती अळी गवतातून अलगद सरकली आणि दोरी ताणली गेली.

मासा वर आला तो नुसता डोक्याचा. मागचं अंग रिकाम्या मोज्यासारखं लोंबत होतं आणि शेपटीजवळच्या भोकातून जांभळं काहीतरी बाहेर आलेलं.

"शी! हे काय?" डॉक्टर मागे सरकला.

मासा वाचणार नव्हताच. लव्होनने डोक्यात एक फटका घालून त्याला संपवलं आणि पोट चिरलं. आत अन्नाचा कण नव्हता. होत्या नऊ रबरी अळ्या, अंगठ्याएवढ्या फुगलेल्या, शेंबडासारख्या बुळबुळीत. कुजक्या घाणीतही माशांना भुलवायला त्यांना लावलेल्या लसणाच्या अर्काचा वास येत होता. डॉक्टर होडीच्या काठावरून ओकला.

तिला त्याची कीव आली नाही. हसूही आलं नाही, कारण नऊपैकी तीन अळ्यांच्या शेपटीवर बारीक खाच होती. तिच्या पडवीतल्या साच्याला चरा गेलेला होता, त्याचीच ही खाच. त्या साच्यातून अळ्या ओतणारी जगात ती एकटीच.

"त्या माझ्या नाहीत हं," तोंड पुसत डॉक्टर म्हणाला.

"नाहीत. यातल्या तीन माझ्या आहेत."

सत्तावीस वर्षांत तिने स्वतः किती फेकल्या होत्या? तिने हात तळ्यात धुतले, मग प्यायच्या पाण्याने धुतले. वास जाईना. स्वतःच्याच बोटांची तिला किळस आली.

"चला," ती म्हणाली, "तुमच्या चार शोधायच्या."

"वेड लागलंय का तुम्हाला? मी मासे धरायला आलोय!"

"मग पोहत जा घरी."

दोन तास जाळीने गवत उपसल्यावर त्याच्या तीन सापडल्या. इतरांच्या अकरा निघाल्या.

त्यानंतर फाटकी अळी हातावर ठेवल्याशिवाय ती कुणालाच नवी देईना. काही जुनी गिऱ्हाइकं "म्हातारी कटकटी झाली" म्हणत दुसऱ्या होडीत गेली. तिनेही त्यांना थांबवलं नाही.