कडू मास्तरांच्या धुनीचे चोर

आता मी जे सांगणार आहे त्यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. ठेवूही नका. लोधीपुऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, आजवर माझ्यावर कोणी ठेवलेला नाही आणि माझं त्यावाचून कधी अडलं नाही. पण आमच्या बुऱ्हाणपुरात एक धून चोरीला गेली, चोर निघाले समुद्रापलीकडचे, आणि त्या भानगडीत माझ्या नातीची बिदाई मुकी जायची वेळ आली, एवढं खरं आहे. बाकीचं मी सांभाळून सांगतो.

धून कडू मास्तरांची. आमच्या गल्लीतला बँड त्यांनी उभा केला, त्यांच्यामागे त्यांचा मुलगा सुकलाल चालवतो. सुकलाल क्लॅरिनेट वाजवतो. नवरी गाडीत बसली की बाकीचा बाजा थांबतो, सुकलाल एकटा पुढे होतो आणि ती धून काढतो. संथ धून आहे. वर चढते, एका जागी थांबून घराकडे वळून बघितल्यासारखं करते आणि मग उतरते. ती ऐकून न रडलेली बाई आमच्याकडे नाही. बायकांचं सोडा, निंबोल्याच्या एका लग्नाजवळून केळीचा ट्रक चालला होता, तर ड्रायव्हरला इतकं रडू आलं की समोरचं दिसेना. मागचं दिसत होतं, म्हणून त्याने ट्रक उलटा चालवत असीरगडापर्यंत नेला. किल्ल्याखाली पोचून डोळे पुसले, तोवर गाडीतली केळी पिकली होती.

सुकलाल ही धून जिवापाड जपायचा. प्रॅक्टिस दारं लावून करायचा, आणि तिथेही मधला एक सूर मुद्दाम गाळायचा. तो फक्त लग्नात लागायचा. आमच्या वडिलांनी तापीच्या घाटावर बसून एका संध्याकाळात बांधली, असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगे आणि भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवी.

तर हा सुकलाल नोव्हेंबरात मोबाइलची काच बदलायला चौकातल्या दुकानात गेला. नवं दुकान, काचेच्या कपाटावर कापसाचा बर्फ पसरलेला, पोऱ्यांच्या डोक्यावर लाल टोप्या. स्पीकरवर कोणी गोरी पोरगी गात होती. सुकलालने अर्धी ओळ ऐकली आणि काच तिथेच टाकून माझ्या घरी आला. पाणी प्यायला नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की त्या पोरीने त्याच्या बापाची धून उचलली आहे आणि आत इंग्रजी शब्द भरले आहेत. गाळलेला सूरसुद्धा तिच्याकडे होता.

विशालला बोलावलं. विशाल बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो आणि उरलेल्या वेळात मोबाइलवर रील टाकतो. त्याने शोधून दिलं. पोरगी मोठी गायिका निघाली, केस निळे, गाणं नाताळाचं, याच वर्षी रेकॉर्ड केलेलं. त्याच्या खाली आणखी निघालं. एका दाढीवाल्याने तेच गाणं गिटारवर म्हटलं होतं. पाच कोरियन पोरं पांढरे स्वेटर घालून तेच म्हणत होती. एकाने तर त्याला असा ढोल जोडला होता की आमच्या गणपतीच्या मिरवणुकीत खपून जावा. सुकलाल प्रत्येक ऐकत गेला आणि प्रत्येकामागे त्याचा चेहरा थोडा आणखी काळा पडत गेला.

“एकटादुकटा असता तर पोट जाळायला केलं असेल म्हटलं असतं,” तो म्हणाला. “ही तर टोळी आहे, हिरामणभाऊ.”

विशालने समजावून पाहिलं, की मास्तर, हे त्यांच्या चर्चमधलं जुनं गाणं आहे, थंडी आली की जो तो आपल्या आवाजात पुन्हा रेकॉर्ड करतो, कोणाच्या मालकीचं नाही. चाल कोणाची त्या जागी पारंपरिक असं लिहिलेलं त्याने दाखवलंही. त्याने तर काम आणखी बिघडलं. नाव लिहायला जागा ठेवायची आणि नाव लिहायचं नाही, हे काम ज्याला नाव लपवायचं असेल तोच करतो, असं सुकलालचं म्हणणं पडलं.

मग आतला माणूस शोधणं सुरू झालं. कारण बाहेरच्याला गाळलेला सूर कळणार कसा? प्रॅक्टिसला आला की ज्याने त्याने मोबाइल पिठाच्या डब्यात टाकायचा, झाकण सुकलाल स्वतः लावायचा. डीजेवाला अरविंद कधी नव्हे तो आपण होऊन रामराम करून गेला, तर सुकलाल तासभर त्या रामरामाचा अर्थ लावत बसला. मी अंघोळ करताना शीळ घालतो, तर हा माझ्या मोरीबाहेर येऊन उभा. मी शीळ बदलली तर म्हणे बदलली का. विशालचे बूट नवे दिसले, तेव्हा मात्र संशय त्याच्यावर बसला. विशालने बूट सासऱ्याने दिले म्हणून सांगितलं, सासऱ्याला आणून उभं केलं, तर सुकलालने सासऱ्याचेही बूट बघून घेतले.

शेवटी त्याने जाहीर केलं, की घरभेदी सापडेपर्यंत धून वाजणार नाही. बापाची चोरीला गेलेली वस्तू मी लोकांच्या दारात वाजवत फिरणार नाही.

आणि धनुर्मास लागायच्या आत माझ्या पूर्णिमाचं लग्न.

पूर्णिमा माझ्या लेकीची, सुनीताची पोरगी. सुनीता सासरी गेली तेव्हा हीच धून वाजली होती. पुढे जावई लवकर गेले, आणि त्या दिवसातलं तिच्याकडे एवढंच शिल्लक आहे. फोटोसुद्धा धड आले नव्हते. तिने मला आधीच बजावलं होतं. “नाना, पंगतीत कमी पडलं तर चालेल. पोरगी त्या धुनीशिवाय जाणार नाही.”

आता मला जे ठाऊक होतं ते सांगतो. कडू मास्तरांचा बँड पूर्वी हिवाळ्यात कागदाच्या कारखान्याच्या कॉलनीत जायचा. तिथली केरळकडची माणसं नाताळात घरोघर गाणी म्हणत फिरायची, बँड त्यांच्यामागे चालायचा. मास्तरांचा कान असा, की एकदा शिरलं ते बाहेर पडायचं नाही. एका हिवाळ्यात ते कॉलनीतून आले आणि उन्हाळ्यातल्या लग्नांत ही धून सुरू झाली. मी कोणाला काही बोललो नाही. पण दोन टोकं जोडायला किती अक्कल लागते? हे सुकलालला सांगितलं असतं तर त्याने क्लॅरिनेट माळ्यावर टाकलं असतं आणि बापाचा फोटो उलटा केला असता. म्हणून गप्प होतो.

लग्न लागलं, जेवणं झाली, पूर्णिमा गाडीत बसली. बाजा थांबला. सुकलाल क्लॅरिनेट काखेत मारून उभा, आणि नजर विशालवर. सुनीताने गाडीचं दार धरून ठेवलं होतं. लावू देईना. वऱ्हाडी घड्याळं बघायला लागले. तेवढ्यात नवरदेवाची बहीण रश्मी, चांगली पोरगी आहे, काय अडलंय ते ऐकून मदत करायलाच आली, म्हणाली, “आंटी, वो इंस्टावाला गाना ना? मेरे फोन में है, गाडीच्या स्पीकरवर लावू का?”

सुनीताचा हात दारावरून निसटला. मी सुकलालजवळ गेलो.

“सुकलाल, चोरी झालीच नाही. मास्तरांनी आपल्या हाताने दिली ती धून.”

“कोणाला?”

मी सुरू झालो. कारखान्यात मोठं मशीन आलं तेव्हा ते बसवायला एक गोरा साहेब आला होता. त्याच्या देशात त्याच्या पोरीचं लग्न लागत होतं आणि हा इथे पाना हातात घेऊन. मास्तर बँड घेऊन कॉलनीत गेले तर साहेब पायरीवर बसून रडतोय. मास्तरांनी त्याला समोर बसवून ही धून वाजवली, तो शीळ घालत शिकला, आणि जाताना नाव विचारायला लागला. तर मास्तर म्हणाले, घेऊन जा, पोरीच्या बिदाईवर बापाचं नाव लिहीत नसतात. तेव्हापासून त्या जागी तिकडे नाव नाही.

सुकलालने ऐकून घेतलं. डोळे बारीकच होते. साहेब कुठला म्हणून विचारलं. मी म्हटलं थंडीकडचा.

“तुम्हाला कोणी सांगितलं हे?”

“सांगायला कशाला पाहिजे? झांज माझ्याच हातात होती.”

त्याने माझ्याकडे बघितलं, मग विशालच्या बुटांकडे, मग गाडीकडे. आतून पूर्णिमा त्याच्याकडे बघत होती. त्याने क्लॅरिनेटची पट्टी ओठांवर ओली केली.

“विशाल,” तो म्हणाला, “मागून हळू सूर धर. पहिल्यांदा धरतोयस, चुकू नको.”

आणि वाजली. ट्रम्पेट मागून धरलेलं कधी ऐकलं नव्हतं. सुनीता गाडीच्या काचेला गाल लावून उभी होती, रश्मीने फोन पर्समध्ये टाकला होता आणि मुलाकडचे पुरुष उगीच वर मांडवाच्या पत्र्याकडे बघत होते. मी जरा मिशीवर हात फिरवला.

दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत सुकलालची आई मालूबाई बसली होती. कडू मास्तरांची बायको, नव्वदीला आलेली, ऐकू कमी. मी काय बोललो ते शेजारची बाई तिच्या कानात ओरडून सांगत होती, पायरी, साहेब, पाना सगळं. म्हातारी मान हलवत होती. झांजेपाशी मान थांबली.

सुकलालची नजर माझ्याकडे वळली. पण तोंडात क्लॅरिनेट असलेल्या माणसाला काही विचारता येत नाही. गाडी हलली, धून त्या वळून बघायच्या जागी येऊन थांबली, आणि नेमक्या त्या शांततेत मालूबाईचा आवाज सगळ्या मांडवाला ऐकू गेला.

“मशीन आलं त्या साली मी नवरी होऊन आली रे हिरामण. तू तर माझ्या कडेवर मुतत होता. झांज कधी वाजवली?”