उभं राहायचा नियम

मोरोपंत मास्तरांनी पहिल्या दिवशी नियमांचा एक कागद वाचून दाखवला, तेव्हा खुशालला दहशत बसली. ती महिनाभर काही गेली नाही.

अमरावतीची ती नवी इंग्रजी शाळा. बीजगणिताचा वर्ग सगळ्यांत वरचा, आणि त्यासाठी मोरोपंतांना मुद्दाम अकोल्याहून आणलेलं. माणूस उंच, सडपातळ. आवाज कधी चढायचा नाही, आणि त्याचीच पोरांना जास्त धास्ती. अकोल्याला त्यांनी एका वर्षात अकरा जणांची नावं कापली, असं पोरं एकमेकांना सांगत. कागदात होतं ते असं : घंटेनंतर येणारा बाहेर बसेल. नुसतं उत्तर चालणार नाही, पायरी न् पायरी दाखवावी लागेल. कापसाच्या वेचणीसाठी रजा नाही. दुसऱ्याच्या पाटीवरून उतरवलं, तर उतरवणारा आणि दाखवणारा दोघांचीही नावं जातील. आणि ज्याला समजलं नाही त्यानं त्याच तासाला उभं राहून तसं सांगावं. लपवणाऱ्याची गय होणार नाही.

खुशाल तिवश्याजवळच्या एका खेड्यातला, अठरा वर्षांचा. परमुलखात कुठंतरी लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी वऱ्हाडचा कापूस विलायतेला चालला होता. त्याच्या वयाची पोरं गावात गाड्या हाकत होती, नवे फेटे बांधून मिरवत होती. त्याचा बाप नत्थुजी यानं मात्र पोराला शाळेत धाडलं. "कचेरीत साहेबापुढं मान वर करून बोलनारा एक तरी मानूस माह्या घरात पाह्यजे," असं तो चावडीवर सगळ्यांदेखत बोलून बसला होता. लोक हसले होते. नापास होऊन त्याच चावडीपुढून घरी जायचं, हा विचार खुशालच्या मनातून जात नसे.

तिसऱ्या दिवशी फळ्यावर क्ष आला.

"क्ष म्हणजे आपल्याला माहीत नसलेली संख्या," मास्तर म्हणाले, आणि लगेच तिच्यात पाच मिळवून मोकळे झाले.

जे माहीतच नाही त्याच्यात पाच मिळवायचे कसे? खुशालनं आजूबाजूला पाहिलं. सगळे माना डोलावत होते. तो अर्धवट उठला. मास्तरांची नजर वळली.

"काय?"

"काही नाही जी. मुंगी चावली."

पोरं खिदळली. खुशाल खाली बसला, तो बसलाच. दुसऱ्या दिवशी उभं राहायचं म्हणजे काल लपवलं हे कबूल करणं आलं. आठ दिवसांनी आठ दिवसांचं कबूल करावं लागणार. जसजसे दिवस गेले तसतसं ते उभं राहणं डोंगराएवढं होत गेलं.

अमरावतीत खुशालच्याच खोलीत, त्याच्याच वर्गातला चंद्रभान राहायचा. नांदगाव पेठेचा, बाप नसलेला, हुशार पोरगा. सरकारी वजिफ्याच्या पैशांवर शिकत होता. आई आशाबाई आठवड्याला पीठ आणून द्यायची. एका सकाळी चंद्रभान विहिरीवर गेलेला. त्याची पाटी कोनाड्यात उभी होती. खुशालनं दाराकडे पाहिलं, पुन्हा पाटीकडे पाहिलं, आणि सगळं गणित उतरवून घेतलं.

त्या दिवशी मास्तरांनी पाट्या गोळा केल्या. दोन बाजूला काढल्या.

"चंद्रभान. खुशाल. उभे राहा."

"दोन क्ष बरोबर चौदा यायला हवं. घाईत चंद्रभाननं आकडे उलटे लिहिले, एक्केचाळीस. खुशालचेही एक्केचाळीसच. अशी चूक दोघांना एकदम सुचत नसते. कुणी कुणाचं पाहिलं?"

चंद्रभानचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं खुशालकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. तरी त्यानं खुशालचं नाव घेतलं नाही. खुशाल खाली मान घालून उभा होता. मास्तरांनी हजेरीचं पुस्तक उघडलं, बोरू शाईत बुडवला.

"नियमाप्रमाणे दोघांचीही..."

"मी!" खुशाल ओरडला. आपला आवाज त्याला परका वाटला. "तो पानी आनाले गेला होता जी. त्याले मालूमच नाही. मले काहीच समजत नाही. पहिल्यापासून नाही. क्ष म्हंजे काय तेच नाही समजलं."

मास्तरांनी एकच नाव कापलं.

खुशाल कापसाच्या रिकाम्या गाडीतून गावी निघाला. नांदगाव पेठ मागं पडलं तशी त्याला उतरून पळून जावंसं वाटू लागलं. पण जायचं कुठं? समोरून बाजाराला निघालेल्या भरल्या गाड्यांची रांग संपता संपत नव्हती. गाडीवाले ओळखीचे. कोणी हाक मारली की तो फेट्याचा शेमला तोंडावर ओढून घेई.

नत्थुजी खळ्यात होता. खुशालनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, मार खायच्या तयारीनं.

नत्थुजीनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग, समजलं का ते क्ष?"

"नाही, बाबा."

"मास्तरनं सांगतलं नाही?"

"नाव कापलं."

नत्थुजीनं हातातला कापूस ढिगावर टाकला. "सकाळी जाऊ."

खुशालला हे मारापेक्षा भयंकर वाटलं. बाप शाळेत जाणार, भांडणार, सगळी पोरं बघणार. वाटभर तो विनवत राहिला. नत्थुजी बैल हाकत राहिला.

ते शाळेत पोचले तेव्हा बीजगणिताचा तास चालू होता. नत्थुजीनं जोडे बाहेर काढले, आत येऊन सरळ फळ्यापुढं उभा राहिला. मोरोपंतांच्या हातातला खडू थांबला.

"मास्तरसाहेब, पोराची चुकी हाये. नाव कापलं, बराबर केलं. त्याच्यासाठी नाही आलो मी."

"मग?"

"तुमच्या कागदात हाये म्हनते, ज्याले समजलं नाही त्यानं उभं राहावं. उभं राहिल्यावर तुमी काय करान, ते त्यात लिवलं नाही. मलेबी नाही समजलं, आन् मी उभा हाओ. सांगा मले."

कोणी हसलं नाही. खुशालनं डोळे मिटून घेतले होते. मोरोपंतांच्या कपाळावर घाम आला होता, हे त्याला पुढं चंद्रभाननं सांगितलं.

मास्तरांनी खडू ठेवला. मग म्हणाले, "तराजू पाहिला आहे ना?"

"रोजच पाह्यतो."

"एका पारड्यात तोंड बांधलेली थैली आहे. आत किती आहे माहीत नाही. तिच्याजवळ पाच शेरांचं वजन. दुसऱ्या पारड्यात बारा शेर. काटा मधोमध उभा. थैली न सोडता सांगा, आत किती?"

"दोहीकडून पाच पाच शेर काढून घ्या," नत्थुजी लगेच म्हणाला. "एकीकडं थैली राह्यते, दुसरीकडं सात. सात शेर."

"ती थैली म्हणजे क्ष."

खुशालनं डोळे उघडले. फळ्यावर त्यानं उतरवलेलंच गणित होतं. तेच आकडे, तीच चिन्हं, पण आता त्याला तिथं दोन पारडी दिसत होती. त्याच्या तोंडून "हात्तिच्या!" निघून गेलं, आणि लगेच त्यानं भीतीनं तोंडावर हात दाबला.

"मागं बस," मास्तर त्याच्याकडे न पाहता म्हणाले. "नाव या सत्रात परत येणार नाही. गैरहजर राहिलास तर मात्र मी विचारीन."

नत्थुजीनं रामराम घातला, जोडे घातले आणि कापसाच्या बाजाराकडे निघून गेला.

खुशालची भीती एका दिवसात गेली नाही. हजेरी चालू झाली की आपलं नाव येणार नाही हे माहीत असूनही तो मान खाली घाली. तरी तो तासाला दोनदा, कधी तीनदा उठून "समजलं नाही" म्हणे. मास्तर कपाळाला आठ्या घालत, उसासा टाकत, आणि पुन्हा सांगत. मग हळूहळू दुसरी पोरंही उठू लागली. क्ष आला त्या दिवशी माना डोलावणाऱ्यांपैकी निम्म्यांना काहीच कळलं नव्हतं, हे तेव्हा उघड झालं.

सत्र बदललं तेव्हा मोरोपंतांनी त्याचं नाव पुन्हा लिहून घेतलं. परीक्षेत खुशालची सातांपैकी चार गणितं बरोबर आली, पास व्हायला पुरेशी. चंद्रभानची सातही.