सगळ्यात धाकटीने आधी बोलायचं

कॉलेजच्या दोन आठवड्यांच्या कामाच्या अनुभवासाठी मैनेने बँक निवडली ती एकाच कारणाने. तिला वाटलं, बँकेत आकडे असतात, आकड्यांना तोंड नसतं, आपण कोपऱ्यात बसू, गुपचूप बेरजा करू आणि घरी येऊ. कसलं काय! ती पडली कंपन्या-कारखान्यांना कर्ज देणाऱ्या विभागात, आणि तिथे माणसं सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसती बोलत होती.

बोलणं हेच तर तिचं दुखणं. शब्द ओठांशी येऊन अडायचा तो अडायचाच. मैना हे घरातलं लाडाचं नाव. पाळण्यात असताना ती अखंड किलबिल करायची म्हणून आईने ठेवलेलं. पुढे ती अडखळायला लागली, तशी आईने तिची वाक्यं पुरी करायला घेतली. दुकानात, शाळेत, डॉक्टरकडे, मैनेने तोंड उघडायचा अवकाश, की आई उरलेलं सांगून मोकळी. मायेपोटीच हो, दुसरं काय! पण आईने पुरी केलेली निम्मी वाक्यं मैनेच्या मनातली नसायचीच. लहानपणी लोकरीच्या दुकानात ती "मला तो..." एवढंच म्हणाली आणि आई म्हणाली, "पिवळा ना? द्या हो पिवळा." तेव्हापासून दर हिवाळ्यात आई तिला हौसेने पिवळा स्वेटर विणत होती, आणि मैना तो मुकाट घालत होती. नको म्हणायलाही बोलावंच लागतं ना!

बँकेत पहिल्याच दिवशी तिच्या तोंडचं पाणी पळालं. विभागाच्या मोठ्या मॅडमचा एक नियम होता. कुठल्याही कर्जाची चर्चा असली, की बैठकीत सगळ्यात धाकट्याने आधी बोलायचं आणि मॅडमनी सगळ्यात शेवटी. "मी आधी बोलले की सगळे माझीच री ओढतात," मॅडम म्हणाल्या. आजवर धाकटा होता एक तरुण अधिकारी. तो इतका भराभर बोलायचा की ऑफिसात त्याला 'एक्सप्रेस' म्हणत. त्याने मैनेला बघितलं आणि हात जोडले. "सुटलो बुवा! आता धाकटी तू."

बैठक होती एका पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्याची. मालक म्हातारे झालेले, त्यांना नव्या मशीनसाठी कर्ज हवं होतं, आणि बँकेला एकच घोर होता: यांच्यामागे कारखाना चालवणार कोण? म्हणून कर्जाआधीच्या रिवाजाप्रमाणे एक्सप्रेस आणि मैना कारखाना बघायला गेले.

मालकांची मुलगी शेजारीच उभी होती. चाळिशीची, बाहीला खळ लागलेली. एक्सप्रेसने तिला विचारलं, "नवं मशीन कुठे बसवणार?" तिने तोंड उघडलं आणि मालक म्हणाले, "त्या मागच्या भिंतीशी." तिला विचारलं, "माणसं वाढवावी लागतील?" मालक म्हणाले, "मुळीच नाही." मग तिच्या खांद्यावर हात ठेवून लाडाने म्हणाले, "शिकतेय अजून. भित्री आहे हो माझी पोर." मुलगी हसली आणि तिने तोंड मिटून घेतलं.

ते तोंड मिटणं मैनेच्या अगदी ओळखीचं होतं. मग ती नीट बघायला लागली. मशीन अडलं की कामगार मालकांना वळसा घालून मुलीच्या कानाशी यायचा. ती हळूच दोन शब्द बोलायची आणि मशीन पुन्हा सुरू व्हायचं.

परतताना एक्सप्रेस म्हणाला, "बाई तर काही बोलतच नाही. उद्या म्हातारबुवा गेले की कारखान्याला कुलूप. माझा नकार."

"त... त्या..." मैनेने सुरुवात केली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, आणि राहिलंच.

बैठकीच्या सकाळी तिला घास उतरेना. आईला राहवलं नाही. मैना घराबाहेर पडताच तिने थेट मोठ्या मॅडमना फोन लावला.

मॅडमनी मैनेला केबिनमध्ये बोलावलं. "तुझ्या आईंचा फोन होता. तुला बोलायला लावू नका म्हणाल्या. तुझं काय म्हणणं आहे? बोलायचं नसेल तर तसं तू सांग, मी लगेच ऐकेन."

शरमेने मैनेचे कान तापले. आईचा राग आला, आणि तिच्याच कुशीत जाऊन लपावंसंही वाटलं. खोक्यांच्या कारखान्यातलं ते हसू मात्र डोळ्यांपुढून हलेना. आज आपण गप्प बसलो, तर त्या बाईच्या कारखान्याचं कर्ज तिच्या गप्प बसण्यापायी जाणार. "बो... बोलते," ती म्हणाली.

बैठकीत सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"क... क..." पुढे काही फुटेना. खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. एक्सप्रेसला तर ते बघवेना. "म्हणजे तिला म्हणायचंय की..."

मॅडमनी नुसता हात वर केला. "काय म्हणायचंय ते ती सांगेल. आपल्याला कुठे गाडी पकडायचीय?"

आणि त्या थांबल्या. घड्याळाकडे न बघता, हनुवटीखाली हात घेऊन, आरामात थांबल्या. असं आजवर मैनेसाठी कुणी थांबलंच नव्हतं.

"कामगार मा... मालकांना विचारत नव्हते," मैना म्हणाली. "सगळं मुलीला विचारत होते. तिला येतं. तिला प... पुरं बोलू देत नाहीत, एवढंच. तिला ए... एकटीला बोलवा."

मॅडमनी मालकांच्या मुलीला एकटीला बोलावलं. ती आली, आधी चाचरली, मग तासभर बोलली. मशीन मागच्या भिंतीशी मुळीच नको, तिथली ओल पुठ्ठ्याला खाते, इथपासून सगळं. कर्ज मंजूर झालं. "मी बघितलं कारखान्याकडे, तू बघितलंस माणसांकडे," एक्सप्रेस मैनेला म्हणाला, आणि तेही चक्क सावकाश.

मंजुरीच्या संध्याकाळी आई दारातच उभी होती. "काय झालं गं? नाही म्हणाले ना? जाऊ दे, आपण..."

"आई." मैनेने तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं. "दिलं क... कर्ज. पण मला दुसरंच सांगायचंय. माझं स... संपेपर्यंत थांबशील?"

आईने ओठ दाताखाली धरले. बिचारीला किती जड जात होतं ते!

"मला प... प..."

आईचे ओठ हलले. शब्द काही तिने बाहेर येऊ दिला नाही.

"पिवळा रंग आवडत नाही," मैना म्हणाली. "तू विणलेलं आवडतं. पण पिवळा क... कधीच नाही आवडला."

आईने तिच्या अंगावरच्या स्वेटरकडे बघितलं. गळ्यापासून बाहीपर्यंत बघितलं. "अगं, मग इतके हिवाळे मी तुला..." ती म्हणाली, आणि पुढचा शब्द तिच्याच ओठांशी येऊन अडला.

मैनेला ते वाक्य सहज पुरं करता आलं असतं. तिने केलं नाही. आईचा हात हातात घेऊन ती थांबली.

"मग..." बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "मग कुठला आवडतो गं तुला?"

आणि उत्तराची वाट बघत बसली.