माझ्या पाठीवरचा टवका

मी एक ब्रॅकेट बोलतोय. दात सरळ करायला तार लावतात ना, ती दातावर धरून ठेवणारा धातूचा इवलासा तुकडा. आत्ता दवाखान्यातल्या ट्रेमध्ये पालथा पडलोय. पाठीवर एक पांढरा टवका आहे. तो माझा नाही.

माझ्या वाट्याला खरा दात आलाच नाही. ज्यांच्या दातांना मला लावलं, त्या ताईंच्या पुढच्या दातावर सिरॅमिकची कॅप होती, त्यांच्या बाबांनी घडवलेली. बाबा जन्मभर डेंटल लॅबमध्ये दात घडवत आले. ही त्यांची शेवटची कॅप. पुढे हात थरथरू लागले.

ती इतकी हुबेहूब, की डॉक्टरीणबाईही फसल्या. खऱ्या दाताला लावतात तेच औषध लावून त्यांनी मला चिकटवलं. दुसऱ्याच दिवशी मी ताईंच्या चहाच्या कपात!

"अहो, हा दात माझा नाही, बाबांचा आहे!" ताई हसत सुटल्या.

डॉक्टरीणबाई ओशाळल्या. "मग कॅप जरा खरखरीत करावी लागेल. पण ब्रॅकेट काढताना तिला धोका असतो हं."

"लावा हो घट्ट. सारखं कोण येणार?"

मग कॅपला कडक आम्ल लावलं, त्यावर जोड पक्का करणारा द्रव, शेवटी गोंद आणि निळा प्रकाश. मी असा बसलो की जेवताना, खोकताना, कधीच हललो नाही. दातांमधली फट मिटली. ताई तोंडावर हात न धरता हसू लागल्या. मी स्वतःवर फार खूश होतो. घट्ट धरणं म्हणजेच इमान, असं मला वाटायचं.

आज मला काढायचं होतं. बाबाही हौसेनं आले होते. पक्कड दाबली गेली. मला सुटायचं होतं, खरंच. पण ते मला येतच नव्हतं. कट्‌कन आवाज झाला आणि कॅपचा टवका माझ्याबरोबर निघून आला.

"चूक माझी," डॉक्टरीणबाई पुटपुटल्या. "घाई केली मी."

"छे, घट्ट लावा म्हणून मीच मागे लागले होते."

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, मला थरथरत्या चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेलं. "गप्प बसा गं दोघी. कड मीच पातळ ठेवली होती. खऱ्या दातासारखा उजेड आरपार जावा म्हणून. हौस माझी!"

"नवी कॅप करून घेऊ या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नको," ताई म्हणाल्या. "हीच राहू दे, ठिगळ लावून."

आता खळगा भरणं चाललंय. तिघांनी दोष आपापसांत वाटून घेतला. माझ्याकडे कुणी बोटसुद्धा दाखवलं नाही. तेच सलतंय. मला खुशाल कचऱ्यात टाका. पण आधी हा टवका सोडवून बाबांच्या हातात द्या. मला अजूनही तो सोडता येत नाहीये.