खात खात नेलेली गाडी

मित्रांनो, मी बर्फावरून कुत्र्यांनी ओढायची एक बिनचाकी गाडी आहे आणि जुनी म्हणाल तर जेमतेम एका हिवाळ्याची. हसू नका. आमच्या उत्तरेकडच्या बर्फाच्या मुलुखात माझ्यासारख्या गाडीला याहून जास्त वय लाभत नाही, कारण ऊन तापायला लागलं की आम्हाला खाऊन टाकतात. माझं कातडं मात्र जुनं आहे. गाडी होण्याआधी ते उन्हाळ्यातला तंबू होतं आणि त्याही आधी सीलच्या अंगावर समुद्रात पोहत होतं. म्हणून मला बरंच काही आठवतं.

आमच्याकडे झाड उगवत नाही. लाटांबरोबर एखादं लाकूड वाहत आलंच तर त्याचा भाला होतो. मग गाडी करायची कशाची? माझा मालक तुलुगाक याने हाताशी होतं त्यातूनच मला घडवलं. नदीला दगडांचा बांध घालून धरलेले लाल पोटाचे मासे त्याने एकामागे एक ओळीने मांडले. फाटलेल्या तंबूचं कातडं भिजवून त्यांच्याभोवती घट्ट गुंडाळलं, तुडवून सरळ केलं आणि गोठायला ठेवलं. अशा दोन लांब वळकट्या म्हणजे माझे दोन पाय. त्यांच्यावर आडवी रेनडिअरची शिंगं ठेवून वादीने आवळली, की झाली गाडी. रोज सकाळी तुलुगाक तोंडात पाणी धरून माझ्या तळव्यांवर फुंकर मारायचा आणि अस्वलाच्या केसाळ तुकड्याने ते पाणी सारखं करायचा. त्याचा असा गुळगुळीत बर्फ व्हायचा की कुत्र्यांनी नुसती मान हलवली तरी मी निघालेच.

अशी हुशारी तुम्ही कुठे पाहिली आहे? मी तरी नाही पाहिली. घर, गाडी आणि शिदोरी या तिन्ही गोष्टी एकाच गुंडाळीत बांधणारी माणसं आहेत ही.

माझ्यावर बसायची ती तुलुगाकची आई, नुयाक. ऐन हिवाळ्यात तिच्या पायाला हिमदंश झाला होता आणि तिला चार पावलंही टाकवत नव्हती. तिच्या मांडीवर तिची नात असायची. या नातीचं नाव पामियोक, आणि हे नाव तिच्या आजोबांचं. आजोबा वारले त्याच हिवाळ्यात ती जन्मली. आमच्याकडे नाव आलं म्हणजे माणूसच परत आला असं मानतात. त्यामुळे तुलुगाक आपल्या पोरीला ‘बाबा’ म्हणायचा, त्याची बायको अर्नालुक तिला ‘मामंजी’ म्हणायची आणि नुयाक त्या शेंबड्या पोरीला चक्क ‘अहो’ म्हणायची.

“अहो, नाक पुसा,” नुयाक म्हणायची.

“नाही पुसत.”

“जन्मभर यांनी माझं असंच ऐकलं नाही,” असं म्हणून म्हातारी स्वतःच्या बाहीने तिचं नाक पुसायची.

हिवाळा संपत आला तेव्हा आम्ही आतल्या तळ्याकडून समुद्राकडे निघालो. तिथे गोठलेल्या समुद्रावर तुलुगाकच्या भावाची माणसं सीलची शिकार करत होती. वाटेत दगडांच्या ढिगाखाली शरदात पुरून ठेवलेलं मांस होतं, त्या भरवशावर सगळा बेत ठरला होता. पण पोहोचून बघतो तर दगड विखुरलेले आणि मांस गायब. एका चोरट्या, ताकदवान जनावराने आमच्याआधी तिथे ताव मारला होता. त्यात वादळ आलं. बर्फाचं घर बांधून सगळे आत बसून राहिले आणि जवळचं होतं नव्हतं ते संपलं. मी बाहेर होते. मला आत घेत नाहीत, आतल्या उबेने मी विरघळेन ना!

वादळ थांबलं तेव्हा सगळे बाहेर आले आणि त्यांनी नुयाकला माझ्यावर बसवलं. तुलुगाक माझ्याशेजारी उकिडवा बसला आणि त्याने माझ्यावर हात ठेवला. तो हात माझ्या ओळखीचा होता, पण त्या दिवशी तो जड वाटला. माझ्या पोटात मासे होते आणि त्याच्या पोटात काहीच नव्हतं.

“बघतोस काय नुसता?” नुयाक म्हणाली. “मासा आत पडलाय आणि तुम्ही बाहेर उपाशी बसलाय. खा की गाडी.”

“आणि तू कशी येणार?”

“मी कुठे येते! मी इथेच बसते. घर चांगलं ऐसपैस बांधलंयस. सील मारलास की ये मला न्यायला.”

समुद्र गाठून परत येईपर्यंत या घरात काय उरलेलं असेल, हे तुलुगाकला कळत होतं आणि म्हातारीलाही कळत होतं.

“मी तुला पाठीवर घेतो,” तो शेवटी म्हणाला.

“तुला तुझंच अंग पेलेना, चाललाय मला घ्यायला.”

“आत्याबाई, असलं बोलू नका,” अर्नालुक म्हणाली. “तुम्ही नसलात तर मी भांडू कोणाशी?” तिचे डोळे भरून आले होते.

मित्रांनो, मला तेव्हा फार वाईट वाटलं. मला खाल्लं तर म्हातारी जाणार, आणि नाही खाल्लं तर ओढणारेच वाटेत पडणार. कुठल्याही गाडीचा कधी कुणाला आला नसेल इतका राग मला माझाच आला.

पामियोक वादीचा एक तुकडा चघळत माझ्याभोवती फिरत होती. माझ्या मागच्या टोकाशी ती थांबली आणि तिने आजीकडे पाहिलं.

“अगं, तू पुढे सरकून बस,” ती म्हणाली. “आपण मागचं खाऊ.”

तुलुगाकने डोकं खाजवलं. “बाबा, चालती गाडी तोडत नसतात,” तो पोरीला म्हणाला. “मुक्कामाला पोचायचं आणि मग सबंध उकलायची. तुम्हीच तर शिकवलंत मला.”

“मी शिकवलं?”

“हो.”

“मग आता मीच सांगते. मागचं तोड.”

नुयाक इतकी हसली की तिला खोकला आला. “ऐक रे त्यांचं,” ती म्हणाली. “धडधाकट होते तेव्हा इतकं शहाण्यासारखं एकदाही बोलले नाहीत. नवरा सरक म्हणतोय, तर सरकायला हवं.” आणि राहण्याचा हट्ट सोडून ती खरोखरच पुढे सरकून बसली. बापाचा शब्द तुलुगाकलाही मोडवेना. त्याने कुऱ्हाड उचलली.

दुखलं का, असं विचाराल. नाही दुखलं. माझ्या दोन्ही पायांची टोकं तुटली आणि आतला मासा दिसला तेव्हा अर्नालुकने त्याच्या पातळ कापट्या काढल्या आणि पहिली कापटी ‘मामंजीं’ना दिली. कातड्याचा तुकडा कुत्र्यांना मिळाला. उघडी पडलेली टोकं तुलुगाकने ओल्या बर्फाने लिंपून पुन्हा गोठवली, म्हणजे बाकीचे मासे घसरायला नकोत.

मग रोज तसंच होत गेलं. गारठा असेतो चालायचं, ऊन चढलं की माझ्यावर रेनडिअरचं कातडं टाकून थांबायचं आणि मुक्कामाला माझा थोडा भाग खायचा. मी आखूड झाले तसं सामान कमी झालं. आधी जादाची पांघरुणं वाटेत ठेवून दिली, मग दगडी दिवा एका खडकाखाली ठेवला. तो ठेवताना अर्नालुक खूप वेळ तिथून हलेना, कारण तो तिच्या आईचा होता. पण सासूला उतरवायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. तुलुगाक आणि अर्नालुक कुत्र्यांबरोबर स्वतः जुंपून घेत आणि पामियोक मागून ढकलायची. तिच्या ढकलण्याने काही होत नसे, पण मी सांगितलं नाही.

शेवटी समुद्रावरची बर्फाची घरं दिसली. तेव्हा मी एवढीशी राहिले होते की नुयाक गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तुलुगाकचा भाऊ बाहेर आला आणि बघतच राहिला.

“ही गाडी आहे की पाट?” तो म्हणाला.

“पाट तर पाट,” नुयाक म्हणाली. “बसून आले ना मी?”

त्यांच्याकडे ताजा सील होता. सगळे त्यावर तुटून पडले, पण म्हातारीने आधी माझ्यातला शेवटचा मासा मागितला. तिने तो पामियोकबरोबर वाटून खाल्ला आणि म्हणाली, “चव बरी आहे. पण रस्ताभर मी यावरच बसले होते, ही गोष्ट कुणी आता काढू नका.”

आता माझ्या कातड्याचा तेवढा एक तुकडा उरला आहे. अर्नालुक तो दातांनी चावून मऊ करते आहे, त्याचे पामियोकला जोडे व्हायचे आहेत. मी खूश आहे. मित्रांनो, तुमच्याकडेही गाड्या असतील, माझ्याहून मोठ्या आणि देखण्या. त्यांना पुसा, जपा, त्यांचं कौतुक करा. पण अडचणीची वेळ आली तर त्यांना तोडा, लागेल तेवढं खा, मागून संपवत न्या. वर बसलेल्या माणसाला मात्र वाटेत उतरवू नका.