खिळ्यावरची किल्ली

मी घाबरट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी शहाणपणा करून मला ऐकवायला नको.

वय वर्षं एकेचाळीस. त्यातली बावीस बाबांच्या किल्ल्यांच्या दुकानात गेली. अख्खी गल्ली मला किल्लीताई म्हणते. गंजलेलं कुलूप आणा, तुटकी किल्ली आणा, आणि पाच मिनिटं माझ्यासमोर गप्प बसा. काय दुखतंय ते मी सांगते. पण एकटीने एक रात्र काढायला सांगा, की माझी पाचावर धारण बसते. आमच्या घरात कायम कोणी ना कोणी असतंच. आधी आई होती, आता बाबा, दादा, वहिनी आणि दोन भाचे. मी बेल वाजवते, आतून कोणीतरी "आले, आले" म्हणतं आणि दार उघडतं. एकेचाळीस वर्षं हेच चाललंय.

आणि नोकरी आली ती परदेशातून. कुलपं बनवणाऱ्या एका कंपनीचा माणूस प्रदर्शनात भेटला. तिथे मी एक जुनं, पार जाम झालेलं कुलूप उघडून दाखवलं होतं. सीमेपलीकडे, बसने काही तासांवर असलेल्या त्यांच्या शहरात जुनी कुलपं दुरुस्त करायची कार्यशाळा आहे, तिथे दोन वर्षांसाठी याल का, असं त्याने विचारलं. मी चार महिने त्यांची भाषा शिकले. जेवढी आली तेवढी आली. पण उत्तर द्यायची वेळ आली तशी माझी झोप उडाली. सोमवारपर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं.

"आधी जाऊन बघून ये," बाबा म्हणाले. "शनिवार, रविवार. एकटी. दादा सोडायला येणार नाही, वहिनी सोबतीला येणार नाही. तिथून मला 'बाबा, आता काय करू' असा फोन आला, की समजायचं जमणार नाही. नाही आला, तर सोमवारी होय म्हण."

"पोचल्याचा पण करायचा नाही?"

"पोचल्याचा कर. काय करू, असा करायचा नाही."

वहिनी लगेच म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हणजे पोरीला विहिरीत ढकलून पोहता येतंय का ते बघताय." मला वहिनीचा इतका पुळका आला म्हणून सांगू! पण बाबांसमोर मी मान ताठ ठेवली. तिकीट काढलं.

शनिवारचा दिवस कसा गेला ते विचारू नका. बसमध्ये दर दहा मिनिटांनी पासपोर्ट चाचपला. सीमेवरच्या खिडकीतल्या बाईने विचारलं, सोबत कोण आहे. मी म्हटलं, कोणी नाही. तिला ऐकू गेलं नाही. मग मी इतक्या जोरात "एकटी!" म्हणाले, की मागची रांग माझ्याकडे बघायला लागली. पोचल्यावर तासभर मी भाड्याच्या खोलीतून बाहेरच पडले नाही. खोली तिसऱ्या मजल्यावर होती. पलंग, टेबल, एक खुर्ची आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत. ती खुर्ची मी रात्री दाराला टेकवून ठेवली. दाराला लॅच होतं, तेही चांगल्या कंपनीचं, मी स्वतः तपासलं होतं. तरी टेकवली.

पण सकाळी जाग आली तर मी धडधाकट होते. कोणी मला उचलून नेलं नव्हतं. मग मला चेव चढला. जाऊन दोन चौक फिरून आले, पाव आणला, कार्यशाळेची इमारत बाहेरून पाहिली. एकच्या बसने परत जायचं होतं. साडेनऊला बॅग भरून तयार. पासपोर्ट बॅगेत, पाकीट बॅगेत, फोन चार्जिंगला. मालकिणीने लिहून ठेवलं होतं, की जाण्याआधी कचरा खाली नेऊन टाकावा आणि जाताना किल्ली टपालपेटीत टाकावी. मी कचऱ्याची पिशवी उचलली, पायात चपला सरकवल्या आणि निघाले.

जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर होते, तेव्हा मागे दाराचा आवाज आला. टक्.

तो आवाज मी आयुष्यात लाख वेळा ऐकलाय. त्या दिवशी ऐकला आणि पिशवीसकट मागे वळले.

किल्ली आत होती. दाराच्या आतल्या बाजूला, चौकटीजवळ, एका खिळ्यावर. मीच अडकवलेली. आता याला काय म्हणावं! पण त्यामागे कारण आहे, ते ऐका. आमच्या दुकानात एक नियम आहे, आणि तो बाबांनी मला पहिल्या दिवशी शिकवला. दुसऱ्याची किल्ली आपल्या खिशात जाता कामा नये. काम चालू असेल तोवर हातात, काम संपलं की खिळ्यावर. चुकून एखाद्या गिऱ्हाइकाची किल्ली खिशातून घरी गेली आणि त्याच रात्री त्याच्याकडे चोरी झाली, तर दुकानाची अब्रू गेली. बावीस वर्षं माझा हात किल्ली सुटली की खिळा शोधतो. पाव घेऊन परत आले तेव्हा चौकटीजवळ खिळा दिसला, हाताने आपलं काम केलं. डोक्याला पत्ताच नाही.

मी कचऱ्याची पिशवी हातात धरून दारासमोर उभी राहिले. ढकलून पाहिलं. ओढून पाहिलं. बंद दाराला लोक का ढकलतात, यावर मी दुकानात किती हसले असेन. आत पासपोर्ट, फोन, पैसे, तिकीट. बाहेर मी, चपला आणि कालच्या सफरचंदाची सालं.

तसं ते दार उघडणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. लॅच नुसतं ओढून बसलेलं होतं, वरून किल्ली फिरवलेली नव्हती. कचऱ्यात पाण्याची रिकामी बाटली होती. तिची पट्टी कापायची, फटीत सरकवायची, की काम झालं. कापायला काही नव्हतं म्हणून मी दातांनी ती बाटली फाडायला लागले. तेवढ्यात शेजारचं दार साखळीपुरतं उघडलं. एक म्हातारी. तिने बघितलं ते असं: एक अनोळखी बाई, वाकलेली, तोंडात प्लास्टिक, डोळा कुलपाला. मी हसले. ते हसणं काही बरं नसावं. दार लागलं आणि आतून फोनवर बोलल्याचा आवाज यायला लागला.

पोलीस! या देशात माझ्याकडे माझं नाव सिद्ध करायला कागदाचा कपटाही नव्हता. मी बाटली पिशवीत कोंबली आणि जिने उतरून अक्षरशः पळाले.

कचरा मात्र खाली डब्यात टाकला. तेवढं भान होतं.

काल येताना कोपऱ्यावर एक किल्ल्यांचं दुकान दिसलं होतं. आपल्या धंद्याचं दुकान माणसाला हजारात दिसतं. रविवार होता, शटर अर्धं खाली. मी वाकून आत शिरले. मशीनवर एक जाडा मिशीवाला माणूस डब्यातलं जेवण उघडून बसला होता. चार महिन्यांची सगळी भाषा मी त्याच्यावर ओतली. दार. बंद. किल्ली आत. बस एक वाजता.

त्याने शांतपणे विचारलं, "कागद?"

"आत."

"मालक?"

"नंबर फोनमध्ये. फोन आत."

त्याने डबा बंद केला, हात पुसले आणि मान हलवली. नाही.

मी जी चिडले! म्हटलं, अरे माणसा, मी काय चोर दिसते? चपला घालून कोणी चोरी करायला जातं? हे सगळं मी मराठीत म्हटलं, कारण राग आला की परकी भाषा कुठे पळते कोण जाणे. तो तसाच उभा. पुन्हा म्हणाला, "मालक नाही, तर नाही." आणि मग मला आठवलं, गेल्या वर्षी एक माणूस आमच्या काउंटरवर असाच हात आपटत होता, आणि मी अगदी याच सुरात त्याला म्हटलं होतं, मालकाला घेऊन या. मी तिथल्या स्टुलावर बसले आणि रडायला लागले. लाजही वाटली नाही.

त्याने पाण्याचा पेला पुढे केला. मग आपला फोन. "कोणी?" त्याने विचारलं. म्हणजे, तुला ओळखणारं कोणी?

मला पाठ असलेला नंबर जगात एकच. दुकानाच्या पाटीवरचा. बावीस वर्षं मी तो रोज वाचलाय. तो नंबर लावायचा म्हणजे बाबांना "आता काय करू" असं विचारायचं. म्हणजे नोकरी गेली. मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. साडेदहा. फोन हातात धरून मी इतका वेळ बसले, की त्या बिचाऱ्याने पुन्हा डबा उघडला. पण बस चुकली तर दुसरी मंगळवारी होती, आणि ती पकडायला तरी पासपोर्ट लागणारच होता. लावला.

बाबांनी उचलला. व्हिडिओवर आधी त्यांचा कान दिसला.

"बाबा, फोन समोर धरा. मी बाहेर अडकलेय. आता काय करू?"

म्हटलं एकदाचं. बाबांनी फोन समोर धरला. त्यांच्या मागे आमची भिंत होती, छतापर्यंत कोऱ्या किल्ल्या टांगलेली. मिशीवाला जेवण सोडून पुढे आला. भिंत बघितली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा भिंत. बाबांनी न सांगता हातातली किल्ल्या घासायची कानस वर केली. यानेही मशीनवरून आपली कानस उचलून दाखवली.

"ही माझी मुलगी," बाबा मराठीत म्हणाले. "तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. सांग त्याला."

मी फक्त पहिलं वाक्य सांगितलं.

"किल्ली कुठे राहिली?" बाबांनी विचारलं.

"खिळ्यावर."

त्यांनी कानस खाली ठेवली. दुकानात कोणी चुकलं की ते असंच हातातलं काम खाली ठेवतात. मग "बस पकड" एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

मिशीवाला माझ्याबरोबर आला. म्हातारीशी साखळीआडून बोलला. तिने पोलिसांना नव्हे, मालकिणीला फोन केला होता. तिने तोच फोन फटीतून दिला, मालकीण होय म्हणाली, मग मिशीवाल्याने खिशातून प्लास्टिकची पट्टी काढली आणि मला दिली. स्वतः मागे सरकला. दार उघडायला मला चार सेकंद लागले. म्हातारीने टाळ्या वाजवल्या. पैसे घ्या म्हटलं, तर त्याने ते मागे सारले.

बस मिळाली. सगळा रस्ता मी खिडकीला डोकं टेकून बसले. दार उघडलं होतं, पण फोन केला होता. करार म्हणजे करार.

घरी पोचले. बेल वाजवली. वहिनी "आले, आले" म्हणत आली. बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते.

"काही बोलू नका," मी म्हटलं. "फोन केला मी. उद्या नाही म्हणून कळवते."

"चूक माझी आहे," बाबा म्हणाले. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बाबा असं कधी म्हणत नाहीत. "दुसऱ्याची किल्ली खिशात ठेवू नको, एवढंच शिकवलं तुला. आपली खिशात ठेवायची असते, ते सांगायचं राहिलं. सांगणार कधी? तुझ्याकडे आपली अशी किल्ली होती कुठे?"

त्यांनी टेबलावर एक किल्ली ठेवली. आमच्या घराच्या दाराची. नवी कापलेली.

"ही कशाला?" मी म्हटलं. "घरात कोणीतरी असतंच."

"दोन वर्षांनी येशील तेव्हा मी असेनच असं नाही. बेल वाजवत उभी राहू नको."

वहिनी पाठ फिरवून ओट्याशी काहीतरी पुसत राहिली. मी किल्ली घेतली, बाहेर जाऊन दार ओढलं आणि कुलपात घातली. अडकली. पुन्हा फिरवली, अडकली.

"बाबा," मी दाराबाहेरून ओरडले, "तिसरा दात नीट घासलेला नाही!"

"हात थरथरतो हल्ली," आतून आवाज आला. "तूच घास."

वहिनीने दार उघडलं. मी बाबांच्या पिशवीतून कानस काढली, खिडकीशी बसले आणि तिसरा दात घासला. डोळ्यांत पाणी होतं म्हणून दोनदा घासावा लागला. मग पुन्हा बाहेर गेले. किल्ली फिरली. आत आले, हात सवयीने खिळा शोधायला लागला.

मी ती खिशात ठेवली.